वजा केलेला वास

कॅसलरॉक मागे पडलं, गाडी जोयड्याच्या जंगलात शिरली आणि थोड्याच वेळात समोरच्या छोट्या पडद्यावर एक ओळ उमटली.

'गाडीत माणसे तीन: शलाका, इम्तियाज, अनोळखी.'

शलाकाने ती ओळ दोनदा वाचली आणि उगीचच मागे वळून पाहिलं. मागच्या बाकावर इम्तियाज मांडीवर ताटली घेऊन लसूण सोलत होता. स्टिअरिंगवर वृंदा होती. चौथं कुणी गाडीत नव्हतंच.

"वृंदे, हे यंत्र तुला ओळखत नाही म्हणतंय."

"बरं झालं," वृंदा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "चाळीस वर्षं ओळखणारे दोघं बसलेत गाडीत. एखादा तरी अनोळखी हवाच की."

"अंघोळ कर जरा," मागून इम्तियाज म्हणाला.

तिघं हसली. गोष्ट तिथेच संपायला हवी होती.

ही तिघं कोल्हापूरच्या एकाच कॉलेजातली. शलाका सांगलीच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. इम्तियाजचं निपाणीला फर्निचरचं दुकान. ते आता मुलगा बघत होता आणि हा सगळी हौस स्वयंपाकावर भागवत होता. वृंदा दातांची डॉक्टर. राजारामपुरीतला दवाखाना तिने याच वर्षी भाचीच्या हाती सोपवला आणि ही गाडी घेतली. आत तीन बिछाने, ओटा, पाण्याची टाकी, छतावर सौरपट्ट्या. रंगाने काळी आणि चढावर संथ, म्हणून इम्तियाजने तिचं नाव 'म्हैस' ठेवलं होतं. पुढची दहा वर्षं देशातलं एकेक अरण्य बघत हिंडायचं असा वृंदाचा बेत होता, आणि त्याची सुरुवात म्हणून काळी, कुद्रेमुख आणि नागरहोळे ही तीन अभयारण्यं ठरली होती.

छतावरचं यंत्र मात्र त्यांचं नव्हतं. ते बंगळुरूच्या एका संशोधन संस्थेचं होतं. जंगलातून हिंडणाऱ्या हौशी लोकांच्या गाड्यांवर ही संस्था आपली 'नाकं' बसवून देई. दोन वर्षांपूर्वी सातपुड्याच्या सहलीत तेच यंत्र भाड्याच्या गाडीवर होतं आणि त्याची जबाबदारी तेव्हापासून शलाकाच्या नावावर होती.

नाक म्हणजे नारळाएवढा एक डबा. पुढच्या जाळीतून तो सतत हवा ओढून घेई. आत नखाएवढ्या चकत्या होत्या, आणि पतंग किंवा डास ज्या प्रथिनांच्या जोरावर वास घेतात तसलीच हजारो प्रथिनं त्या चकत्यांवर पेरलेली होती. हवेतला एखादा रेणू येऊन चिकटला की तिथला विजेचा प्रवाह किंचित बदले. अशा हजारो किंचित बदलांची मिळून एक नक्षी तयार होई. गव्याची नक्षी वेगळी, रानकुत्र्याची वेगळी, बिबट्याची आणखी वेगळी. प्राण्याच्या गळ्यात पट्टा नको, झाडाला कॅमेरा नको. गाडी नुसती रस्त्याने गेली तरी आसपास कोण येऊन गेलं ते कळायचं.

अडचण एकच होती. गाडीच्या सगळ्यांत जवळ असतात ती गाडीतलीच माणसं, आणि त्यांचाच वास सगळ्यांत जास्त. म्हणून नाक आधी गाडीतल्या माणसांना शिकून घेई आणि मग त्यांचे वास वजा करून टाके. घरातल्या पंख्याचा आवाज आपल्या कानांनी सोडून दिलेला असतो, म्हणून आपल्याला दाराची कडी वाजलेली ऐकू येते, तसंच. साबण, अत्तर, घाम, लसूण यांची गडबड होऊ नये म्हणून त्याने माणसाच्या कातडीतल्या तेलाची मूळ नक्षीच धरलेली असे. ती सहसा बदलत नाही.

सातपुड्याच्या सहलीनंतर वृंदाची बदलली होती.

ती वजा होत नसल्यामुळे जंगलाचं चित्रही गढूळ येऊ लागलं. पडद्यावर 'गवा' असं यायचं, पुढे प्रश्नचिन्ह. एकदा तर 'अस्वल अथवा माणूस' असं आलं आणि इम्तियाज खिडकीबाहेर बघून वृंदाला म्हणाला, "बाहेर कुणी नाही. म्हणजे तूच." वृंदाने साबण बदलून पाहिला, नुसतं बेसन लावून पाहिलं, धुतलेले कपडे घातले. ओळ तशीच राहिली. शेवटी शलाकाने संस्थेला कळवलं आणि त्यांनी मागितल्या तशा वृंदाच्या जुन्या आणि नव्या नक्ष्या पाठवून दिल्या.

संस्थेचा फोन आला तेव्हा तिघं कुद्रेमुखला पोचली होती. सकाळची वेळ. छावणीच्या मागून ओढा वाहत होता, समोरच्या डोंगरांवर गवताचे हिरवे पट्टे आणि त्यांच्या घळींत दाटलेली झाडी. वृंदा आणि इम्तियाज ओढ्यावर गेली होती.

"मॅडम, मी ऋजुता नाडगौडा. वासांचा संग्रह मी सांभाळते. तुम्ही एकट्या आहात का?"

"हो. यंत्र बिघडलंय का?"

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"यंत्र ठीक आहे. मॅडम, हे मी तुम्हाला सांगायला नको. आम्ही माणसांचे वास फक्त वजा करतो, त्यात काय आहे ते बघायचं नाही असा आमचा नियम आहे. पण दोन नक्ष्या शेजारी ठेवल्यावर मला दिसलं आणि आता न दिसल्यासारखं करता येत नाही." तिने दम घेतला. "पूर्वी परदेशात एका बाईंना आपल्या नवऱ्याच्या अंगाचा वास बदलल्यासारखा वाटायला लागला होता. नवऱ्याला पार्किन्सन आहे हे त्यानंतर कितीतरी वर्षांनी निघालं. त्या आजारात कातडीतलं तेल बदलतं. हात थरथरायला लागण्याच्या खूप आधी. तुमच्या मैत्रिणीच्या नक्षीत झालेला बदल नेमका तसा आहे."

"नक्की?"

"नाही. आमचं यंत्र प्राण्यांसाठी आहे, निदानासाठी नाही. तपासणी करावी लागेल. पण मॅडम, आता त्यावर औषध आहे. हात थरथरायच्या आधी सुरू केलं तरच त्याचा उपयोग होतो."

फोन ठेवल्यावर शलाका पायरीवर बसून राहिली. ओढ्याकडून वृंदाचं हसणं ऐकू येत होतं.

तिला वृंदाचे वडील आठवले, आबा. त्यांना हाच आजार होता, कंपवात. चित्रकलेचे शिक्षक, आणि शेवटी शेवटी चमचा तोंडापर्यंत न्यायलाही वृंदा लागायची. सगळं तिनेच केलं. त्यांचे दिवस झाले त्या दुपारी भांडी पुसता पुसता ती शलाकाला म्हणाली होती, "उद्या मला हे झालं तर मला कुणी सांगायचं नाही. कळेल त्या दिवशी कळेल. त्याच्या आधीचा एक दिवससुद्धा मी त्या रोगाला देणार नाही."

शलाकाने तेव्हा मान डोलावली होती. ते वचन होतं की काय, हे तिला आज ठरवता येईना.

बंगळुरूचा फोन आला होता, यंत्र ठीक आहे, एवढंच तिने दोघांना सांगितलं; बाकी त्या दिवशी ती काही बोलली नाही. नागरहोळे होऊ दे, मग घरी गेल्यावर बघू, असं तिने मनाशी म्हटलं. पण न बोलणं वाटलं होतं तितकं सोपं नव्हतं. वृंदा चहा ओतायला लागली की शलाकाची नजर किटलीवर जायची. वृंदा शर्टाची बटणं लावायला लागली की ही श्वास धरून बसायची. चढावर तिच्या कोपराला धरायची. छावणीतून कळसा गावी भाजी आणायला तिघं निघाली तेव्हा ती म्हणाली, "आज इम्त्याला चालवू दे की गाडी."

"इम्त्याला?" वृंदा म्हणाली. "मोतीबिंदू काढल्यापासून त्याला गिअर आणि चमचा यांतला फरक कळत नाही."

"तू दमली असशील."

"मी? कशानं?"

गाडी शेवटी इम्तियाजने चालवली आणि बाजारात एका हातगाडीला खेटवली. परत आल्यावर वृंदा बूट काढत होती तेव्हा त्याने शलाकाला ओट्यापाशी गाठलं.

"काय झालंय तुला? तिच्याकडं असं काय बघतेस? मयतीला आल्यासारखं."

"काही नाही रे."

"बरं. नको सांगू," तो म्हणाला आणि पातेल्यात पळी जरा जोरातच फिरवू लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं छावणीच्या वरच्या माळावर जाऊन बसली. खाली जंगल, वर वारा, दूर एका उतारावर गव्यांचा कळप ठिपक्यांसारखा चरत होता. वृंदाने पिशवीतून संत्रं काढलं आणि सोलायला घेतलं. साल जाड होती, नख सरकलं. शलाकाने काही विचार न करता तिच्या हातातून संत्रं काढून घेतलं आणि स्वतः सोलू लागली.

वृंदा तिच्याकडे बघत राहिली.

"दे ते इकडं."

"अगं, सोलते ना मी."

"शलाका, मी उभा जन्म लोकांच्या तोंडात सुया घातल्या. मला संत्रं सोलता येतं. दे."

शलाकाने संत्रं दिलं. वृंदाने ते सोललं नाही. गवतावर ठेवून दिलं.

"आता सांग. मला काय झालंय? मी डॉक्टर आहे, दातांची असले तरी. बंगळुरूचा फोन आला आणि त्या दिवसापासून तू मला हाताला धरून चालवायला लागलीस. माझ्या वासात काय निघालं?"

शलाकाने इम्तियाजकडे पाहिलं. तो मान खाली घालून गवताची काडी मोडत होता. मग तिने सांगितलं. ऋजुता जे जे बोलली होती ते तसंच, काही न गाळता.

वृंदाने हातांकडे पाहिलं नाही. तिने कोपर वर उचललं, बाही नाकाला लावली आणि डोळे मिटून वास घेतला.

"मला काहीच येत नाही," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आबांच्या अंगाला यायचा. मेणासारखा. आई म्हणायची, तुमचं डोक्याचं तेल बदला. मला वाटायचं, म्हातारपणाचाच वास असेल."

"वृंदे..."

"तुला परवाच कळलं होतं हे?"

"परवा सकाळी."

"आणि तू ठरवलंस की मला सांगायचं नाही."

"तूच म्हणाली होतीस. आबांच्या वेळी. मला कुणी सांगायचं नाही म्हणून."

"तेव्हा औषध नव्हतं!" वृंदाचा आवाज चढला, तसा समोरच्या झुडपातून एक पक्षी उडाला. "तेव्हा कळून काय करणार होते मी? आबांचे हाल बघून तोंडातून निघालेलं वाक्य ते. त्याला किती वर्षं झाली? एवढ्या वर्षांत मला एकदा तरी विचारलंस, अजून तसंच वाटतं का म्हणून?"

शलाकाने संत्र्याची पडलेली साल उचलून पिशवीत टाकली.

"आजाराचं मी बघेन. पण गेले दोन दिवस माझ्याबरोबर माझी मैत्रीण नव्हती. एक नर्स होती. बटण लावताना बघणारी, कप धरताना बघणारी. मी आबांशी तशी वागले, शलाका. मला माहीत आहे ते कसं असतं. आणि त्यांना ते कसं वाटत असेल, तेही आज कळलं."

ती उठली आणि एकटीच उतार उतरून गाडीकडे गेली. इम्तियाजने हातातली काडी टाकली. मग म्हणाला, "मलातरी सांगायचंस. मी विचारलं होतं." एवढंच म्हणून तोही उठला. संत्रं गवतातच राहिलं.

शलाका गाडीपाशी पोचली तेव्हा वृंदा आतल्या बाकावर बसून, संस्थेला फोन लावून, ऋजुताशीच बोलत होती. आवाज मोठा ठेवला होता, लपवायचं काही नव्हतं.

"तुम्ही हे मला का नाही सांगितलं?"

"मॅडम, यंत्र शलाका मॅडमच्या नावावर आहे. आमच्याकडे नंबर त्यांचाच होता."

"नाक त्यांच्या नावावर असेल. वास माझा आहे."

पलीकडची मुलगी अडखळत म्हणाली, "तुमचं खरं आहे. मी नियम मोडला, तोही चुकीच्या माणसाकडे. तुम्ही तक्रार केलीत तर मी समजू शकते."

"तक्रार करायची असती तर तुमच्या साहेबांना लावला असता फोन. मला वेगळं विचारायचंय. तुमच्या अशा किती गाड्या फिरताहेत?"

"बऱ्याच. देशभर."

"आणि त्या सगळ्या गाड्यांतली माणसं तुम्ही वजा करून टाकता. त्यांतलं कुणी माझ्यासारखं असेल तर?"

"मी तेच दोन दिवस विचार करतेय, मॅडम. बघायचं नाही असा नियम केला तो लोकांच्या भल्यासाठीच. उद्या ही नाकं कचेऱ्यांत लागली, विमा कंपन्यांनी लावली, तर माणूस आत शिरायच्या आधीच त्याचा आजार त्यांना कळेल. म्हणून आम्ही डोळे मिटून घेतले. पण मिटलेल्या डोळ्यांमागे..." ती थांबली.

"तर मग आधी विचारत जा," वृंदा म्हणाली. "गाडीत बसतानाच विचारा, तुमच्या वासात काही दिसलं तर सांगायचं का. हो म्हणेल त्याला सांगा, आणि त्यालाच सांगा. माझ्या दोन्ही नक्ष्या ठेवा तुमच्या कामाला. मी लिहून देते."

फोन ठेवून ती उठली आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसली.

"मंगळुरूला जाऊया," ती इम्तियाजला म्हणाली. "तिथं मोठं इस्पितळ आहे. नागरहोळे नंतर."

कारकळच्या बाजूने घाट उतरताना गाडी तीच चालवत होती. शलाका शेजारी बसली होती, हात मांडीवर आवळून. वृंदाच्या बोटांकडे बघायचं नाही असं ठरवून ती पडद्याकडे बघत होती, तर तिथे 'अनोळखी' हाच शब्द. आणि त्या शब्दामुळेच यंत्राला पुढचं काही कळलं नाही. एका वळणावर रस्त्याच्या मधोमध गवा उभा होता. एकटा नर, काळाभोर, खांदा गाडीच्या काचेच्या उंचीला.

वृंदाने ब्रेक दाबला. गाडी हिसका न देता, न घसरता, त्याच्यापासून सावध अंतरावर थांबली. तिने दिवे बंद केले, हॉर्नला हात लावला नाही. गव्याने मान वळवून गाडीकडे पाहिलं, फुसकारला. गाडीत कुणी हललं नाही. मग तो सावकाश उतार चढला आणि बांबूत शिरला.

"यंत्राला हा कळायला हवा होता," वृंदा हलकेच म्हणाली. तिने पडद्याकडे हात नेला, 'अनोळखी'वर बोट ठेवलं आणि तिथे स्वतःचं नाव घातलं. 'नवी नक्षी साठवायची का?' पडद्याने विचारलं. तिने होकार दिला आणि गाडी सुरू केली.

इस्पितळातली तपासणी साधी होती. मानेमागून आणि पोटरीवरून कातडीचे टिकलीएवढे तुकडे घेतले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाईंनी तिघांना आत बोलावलं. वृंदाने सरळ प्रश्न विचारले, बाईंनी सरळ उत्तरं दिली. होय, सुरुवात झाली आहे. फार लवकर सापडली. इतक्या लवकर आलेले रोगी त्यांनी क्वचितच पाहिले होते. औषध आजार घालवत नाही, त्याला मागे रेटतं. आठवड्याला एक सुई, कायमची. हात किती वर्षं चांगले राहतील? बरीच, पण आकडा नाही सांगणार. गाडी चालवू का? "खुशाल चालवा," बाई म्हणाल्या. "दर सहा महिन्यांनी दाखवत जा. आम्ही थांबा म्हणू तेव्हा थांबा."

बाहेर आल्यावर वृंदाने भाचीला फोन केला आणि सगळं सांगितलं. मग इस्पितळासमोरच्या हॉटेलात तिघांनी नीर डोसे खाल्ले. इम्तियाजने चटणीला नावं ठेवली. वृंदा त्याच्याशी बोलत होती, हसतही होती. शलाकाशी मात्र कामापुरतं. पाणी दे. पिशवी घे. शलाका देत होती, घेत होती. माफी ती दोनदा मागून चुकली होती, आणि वृंदाने दोन्ही वेळा नुसतं "ऐकलं मी" म्हटलं होतं.

परत फिरायचं का, हा प्रश्न इम्तियाजने काढला. वृंदाने त्याला पुरतं बोलूच दिलं नाही. औषधाच्या सुया गाडीच्या फ्रीजमध्ये ठेवल्या, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी म्हैस मडिकेरीच्या दिशेने निघाली, नागरहोळ्यासाठी.

संपाजेचा घाट सुरू झाला. दोन्ही बाजूंना उंच झाडं, खोडांवर चढलेले मिरवेल, ओलसर सावली. पडद्यावर एकापाठोपाठ एक नावं येत होती आणि एकापुढेही प्रश्नचिन्ह नव्हतं. शेकरू. सांबर. उदमांजर. इम्तियाज ती मोठ्याने वाचत होता. एका रुंद वळणावर वृंदाने गाडी कडेला घेतली, खाली उतरली, पुढून वळसा घालून आली आणि शलाकाच्या बाजूचं दार उघडलं.

"सरक तिकडं."

"कुठं?"

"स्टिअरिंगवर."

"मी? अगं, मी फक्त माझी छोटी गाडी चालवते, तीही बाजारापर्यंत. आणि डॉक्टर म्हणाल्या की तुला काहीच..."

"मला चालवता येतं. तुला येत नाही, म्हणून तर म्हणतेय. आत्ता माझे हात चांगले आहेत, डोकं चांगलं आहे आणि तुझ्यावर राग आहे. शिकवायला याच्यापेक्षा चांगली वेळ मिळणार नाही."

मागून इम्तियाज म्हणाला, "मी उतरून चालत येऊ का?"

"गप बस," दोघी एकदम म्हणाल्या.

शलाका पलीकडे सरकली. चाक केवढं तरी मोठं वाटलं. गाडी हलली, डगमगली, मग चढाला लागली. डाव्या अंगाला झुडपांच्या फांद्या आरशाला घासल्या. "उजवीकडं घे. एवढी नको! तुझ्या मागं पूर्ण खोली आहे, ती वळायला वेळ घेते. आधी खोलीचा विचार कर, मग स्वतःचा." पहिलं वळण कसंबसं पार पडलं. मागून बसने लांबलचक हॉर्न दिला, तशी वृंदा खिडकीतून अर्धी बाहेर झाली आणि आपल्या मोडक्या कानडीत बसवाल्यावर ओरडली. त्याने काय ऐकलं कोण जाणे, पण तो हसून मागे राहिला. इम्तियाज तर बाकावर आडवाच झाला. "तू त्याला 'जेवायला ये' म्हणालीस," तो हसता हसता म्हणाला.

वृंदाही हसली. हसताना तिने एक हात पुढे करून चाक किंचित सरळ केलं, आणि तो हात क्षणभर शलाकाच्या हातावर तसाच राहिला. गरम, कोरडा, अगदी स्थिर. शलाकाने मान वळवली.

"माझ्याकडं काय बघतेस?" वृंदा म्हणाली. "वळण आलं. रस्त्याकडं बघ."

शलाकाने रस्त्याकडे पाहिलं आणि चाक फिरवलं.